सातव्या वळणावरचं गोमुख

पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेली माणसं इस्लामपूरच्या आसपास पैशाला पासरी. कुणी येताना झुपकेदार मिशा आणल्या, कुणी काळी ट्रंक, कुणी संध्याकाळच्या रमची सवय. नाथाजी मान्यानं रूटकार्डाची खोड आणली.

सतरा वर्षं त्यानं एकच काम केलं होतं. मोटारसायकलवर बसायचं आणि इकडचा लखोटा तिकडं पोचवायचा. पण निघण्याआधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चार रकाने आखायचे : किती मैल, खूण काय, किती वाजता, पाणी-पेट्रोल कुठं. तो पुठ्ठा टाकीवर बांधायचा, आणि काम झालं की पलटणीच्या नियमानं जाळून टाकायचा. आता पेन्शनीत आल्यावर कसला लखोटा न् कसलं काय! पण मळ्यापासून इस्लामपूरच्या बाजाराला जायचं, चार मैलांचा सरळसोट रस्ता, तरी हा गडी रकाने आखल्याशिवाय किक मारत नसे. त्याची बायको अंबूबाई म्हणायची, ह्यांस्नी न्हाणीत जायचं झालं तरी पुठ्ठा लागतो.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जुनी बुलेट. तिचा हिरवा रंग नाथाजीनं तसाच ठेवला होता. शहात्तर साल उजाडायच्या सुमाराला त्याच्या आणि लालासाहेबाच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. लालासाहेब त्याच्याच पलटणीतला, त्याच्याच जोडीचा लखोटेवाला. आता साताऱ्यात सायकलचं दुकान घालून बसला होता. दोघांचं ठरलं की होळीच्या आधी, उन्हं तापायच्या आत, दोन गाड्यांवर राजस्थान करायचं. ज्या रस्त्यांवर वीस-वीस तास हाडं खिळखिळी केली, डोळ्यांत वाळू गेली म्हणून ज्यांना शिव्या घातल्या, ते रस्ते एकदा मोकळ्या मनानं, कुणाचा हुकूम नसताना बघायचे. बाडमेर, जैसलमेर, येताना अबूचा डोंगर. जाऊन-येऊन दोन हजार मैल.

लालासाहेब साताऱ्याहून एस.टी.नं आला, आणि दोघे सोप्यात घोंगडं टाकून बसले. मधे पुठ्ठे, पट्टी, लाल-निळी पेन्सिल. चहाच्या पहिल्या घोटालाच भांडण जुंपलं. बाडमेर सोडल्यावर आधी विहीर लागते की आधी फाटा? लालासाहेब म्हणे फाटा. नाथाजी म्हणे विहीर. लालासाहेबानं नाथाजीची अक्कल काढली, नाथाजीनं लालासाहेबाचा चष्मा काढला. गोष्ट हमरीतुमरीवर यायला लागली तशी आतनं भाकरी थापायचा आवाज थांबला.

"विहीर डाव्या हाताला," अंबूबाई चुलीपुढनंच म्हणाली. "तिच्यावर काळा रहाट. तितनं तीन खेजडीची झाडं, मदलं वाळल्यालं. मग फाटा."

लालासाहेब तोंड वासून बघत राहिला. मग तिनं भाकरी उलथता उलथता जैसलमेरपर्यंतचा अख्खा रस्ता सांगितला. कुठल्या गावात ताक मिळतं, कुठं उंट आडवे येतात, कुठल्या टेकडीमागं वारा अंगावर येतो. मैलांसकट.

त्याचं असं होतं. नाथाजी रूटकार्डं जाळायचा, पण त्याची पत्रं अंबूबाईनं जाळली नव्हती. दुसरं काय लिहिणार बिचारा? गोड बोलणं त्याला येत नव्हतं आणि आलं असतं तरी लिहिता आलं नसतं, कारण पत्र वाचायचे चिंतामण मास्तर, देवळाच्या कट्ट्यावर, मोठ्यानं. मग हा रस्ते लिहायचा. आज इथून निघालो, डाव्या हाताला अमुक, उजव्या हाताला तमुक. अंबूबाईला अक्षरओळख नव्हती. ती मास्तरांकडनं एक पत्र तीनदा वाचून घ्यायची आणि चौथ्यांदा स्वतः म्हणून दाखवायची. शेजारणी ओव्या म्हणत दळायच्या, ही बाडमेरचा रस्ता म्हणत दळायची. सतरा वर्षांत नवऱ्याचा सहवास घडला तो रजेपुरता. बाकीचा संसार तिनं ह्या रस्त्यांवर केला होता.

"मला बी न्या," ती म्हणाली.

नाथाजी हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. बायकामाणसानं दोन हजार मैल मोटारसायकलवर? गाव काय म्हणेल? अंबूबाईनं विचारलं, गाव काय पेट्रोल घालनार हाय का? लालासाहेब तिच्या बाजूला गेला, कारण विहिरीवरनं तिनं त्याला हरवलं असलं तरी फाट्याच्या आधी खेजडी असते हे त्यालाही आता आठवलं होतं. असा रस्ता पाठ असलेला माणूस बरोबर असला तर पुठ्ठ्याची गरजच नाही, असं तो म्हणाला. हे मात्र नाथाजीला झोंबलं.

तरी तो विरघळला असता. पण त्याच वेळी अंबूबाईनं पिठाचे हात पुसले आणि दारात येऊन बसली.

"आणि अबूचा डोंगर न्हाई घेतला तरी चालंल," ती म्हणाली. "त्यापरीस मला तो बर्फाकडचा रस्ता दावा. सुलाच्या बाळंतपणाच्या वक्ताला तुमी सात म्हैने ज्याच्यावर हुता त्यो." आणि डोळे मिटून तिनं म्हणायला सुरुवात केली : "पत्रास कारण की आज डोंगराच्या रस्त्याने गेलो. पायथ्याला दोन उंबर आहेत, जुळ्या भावांसारखे. तिथून सात वळणे. सातव्या वळणावर दगडी गोमुख आहे, त्याचे पाणी ओंजळीत घेतले तर दात शिवशिवतात. तिथून खाली नदी सुताएवढी दिसते. मग कड्यात एक देवळी आहे, तीत कुणी शेंदराचा दगड ठेवला आहे…"

लालासाहेबाला एकदम ठसका लागला. तो उठून बाहेर गेला आणि पडवीच्या खांबाला धरून बराच वेळ खोकत राहिला. नाथाजीनं मान वर केली नाही. लाल पेन्सिलीनं त्यानं पुठ्ठ्यावर एक रेघ चारदा ओढली.

आता खरं काय ते सांगायला हवं. नाथाजी बर्फाकडं कधीच गेला नव्हता. सहासष्ट साली पावसाळ्याच्या तोंडाला जोधपूरच्या अलीकडं डांबरी रस्त्यावर वाळू आली होती, तिच्यावरनं गाडी घसरली आणि उजवा पाय तिच्याखाली गेला. नडगीचे दोन तुकडे. पलटणीच्या कारकुनानं विचारलं, घरी कुणाला तार करायची? आणि घरी अंबूबाईला सहावा महिना. त्याआधी दोन मुलं पोटातच गेलेली. तिसऱ्या खेपेला पलटणीची तार दारात आली असती तर काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. नाथाजी म्हणाला, कुणालाच करू नका.

मग पत्रांचं काय? पत्र थांबलं तर ती हाय खाणार. आधी त्यानं जोधपूरच्या इस्पितळातल्या खाटेवरनं वाळवंटाचीच तीन पत्रं लिहिली. पण वाळूत असतं काय? तीन पत्रांत सगळं वाळवंट संपलं. आणि एकाच रस्त्यावर माणूस किती वेळ अडकणार? शेवटी नाथाजीनं स्वतःची बदली स्वतःच केली. आम्हांला आता बर्फाकडच्या डोंगरात धाडले आहे, असं ठोकून दिलं. डोंगराचा एकच रस्ता त्याच्या नीट ओळखीचा होता, लहानपणी पायांखाली घातलेला. मेढ्याच्या पुढं केळघर, तिथं त्याचं आजोळ. केळघरचा घाट चढून महाबळेश्वरच्या बाजाराला मामाबरोबर तो कितीदा तरी गेला होता. तो घाट त्यानं उचलला आणि हिमालयात नेऊन ठेवला. उंबरांसकट, गोमुखासकट. लालासाहेब महिन्यातनं एकदा इस्पितळात यायचा, पत्रं घेऊन जायचा आणि पलटणीच्या पेटीत टाकायचा. शिक्का तोच लष्करी टपालाचा, छप्पन एपीओ, म्हणजे माणूस कुठं आहे ते शिक्क्यावरनं ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. एकदाच फक्त अंबूबाईनं मास्तरांकडनं विचारवलं होतं, की बर्फाकडं गेलात तर पत्रात बर्फ कसा नाही? त्यावर नाथाजीनं उलट टपाली कळवलं, बर्फ अजून वरच्या अंगाला आहे.

रजेवर आला तेव्हा पाय थोडा ओढत होता. न्हाणीत घसरलो, म्हणाला. तिनं खरं धरलं आणि महिनाभर तेल चोळलं. आजोळी मामा निःसंतान वारलेला, तिकडं जायचं कारणच उरलं नव्हतं. दहा वर्षं झाली त्याला. सुला मोठी झाली, चौथीत गेली. खोटं असं मुरलं की नाथाजीला कधी कधी खरंच वाटायचं, आपण होतो तिकडं.

आणि आता ही म्हणते, तोच रस्ता दावा.

त्यानं आधी हात झटकायचा प्रयत्न केला. तो रस्ता लष्कराचा, साध्या माणसाला बंदी. अंबूबाई म्हणाली, बरं, मग ऱ्हाऊ द्या. पण असं म्हणताना तिचा चेहरा इतका उतरला की नाथाजीला स्वतःचीच शरम वाटली. लालासाहेब जाताना एस.टी.च्या थांब्यावर त्याला म्हणाला, गड्या, सांगून टाक आता, तार यायचं वय गेलं तुमचं. नाथाजी म्हणाला, तू गप. लालासाहेब गप बसला, पण गाडीत चढता चढता वळून म्हणाला, "आन् कार्डावरनं जोधपूर का गाळलंस रं? सरळ वाटंवर असून चाळीस मैलांचा वळसा घातलाय." नाथाजीनं एस.टी.चं दार लावून घेतलं.

राजस्थानला न्यायचं तर आधी परीक्षा, असं त्यानं घरी जाहीर केलं. दोन चाचणीच्या फेऱ्या. एक माळरानाची, एक घाटाची. टिकलीस तर नेतो. मनातनं त्याला वाटत होतं, पहिल्याच फेरीत पाठ धरेल आणि आपोआप विषय संपेल.

पहिली फेरी विट्यावरनं आटपाडीकडं. इकडं कृष्णाकाठी डोक्याएवढा ऊस, आणि तिकडं चाळीस मैल गेलं की नुसता उघडा माळ, बाभळी आणि मेंढरं. जानेवारीचं ऊन, समोरनं सुटलेला वारा, आणि मागं अंबूबाई. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती पुरुषासारखी दोन्हीकडं पाय टाकून बसली होती. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, त्यांना तिनं हात हलवला. आटपाडीच्या अलीकडं कोरड्या ओढ्यात वाळूनं गाडी डुगडुगली तशी ती मागनं म्हणाली, दुसऱ्यात घाला, ब्रेक दाबू नगा. पत्रातलं वाक्य! जाऊन-येऊन सव्वाशे मैल झाले आणि घरी येऊन तिनं म्हशींच्या धारा काढल्या. पाठ धरली ती नाथाजीची.

दुसरी फेरी घाटाची. नाथाजीच्या मनात आंबा घाट होता. अंबूबाई म्हणाली, जल्मात एकदा महाबळेसर बगायचं हाय. ह्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण महाबळेश्वरला दोन वाटा. एक साताऱ्यावरनं मेढा-केळघर करून, ती जवळची. दुसरी वाई-पाचगणीवरनं, ती लांबची. नाथाजीनं कार्ड आखलं ते वाईवरनं. जाताना वाई, येताना वाई. मेढ्याचं नाव त्या पुठ्ठ्यावर कुठंच नव्हतं.

कार्ड मोठं देखणं झालं होतं. आमच्याकडं कार्डाचा खरा शत्रू खड्डा नव्हे, पाहुणा. वाटेवर नातं पडलं आणि तोंड न दाखवता पुढं गेलात, तर पुढच्या लग्नात त्याचा हिशेब निघतो. आणि तोंड दाखवलं की पाट येतो, पाटामागनं ताट येतं. कऱ्हाडात नाथाजीची चुलत बहीण, उंब्रजला मावशी, नागठाण्याला आतेभाऊ. ही तिन्ही गावं त्यानं पहाटेच्या अंधारात ओलांडायची ठरवली आणि ओलांडलीही. उंब्रजात तर उतारावर गाडी बंद करून नुसती ढकलत नेली. साताऱ्यात उजाडलं. आठ वाजता भुईंज. कार्डाप्रमाणं मिनिटाचाही फरक नाही, आणि नाथाजी खुशीत शीळ घालायला लागला.

वाईच्या अलीकडं रस्त्याकडेला एक माणूस बैल धुवत होता. त्यानं बुलेट बघितली, मागं बसलेली बाई बघितली, आणि हातातला पेंढा टाकून रस्त्यात आडवा झाला.

तो अंबूबाईच्या मामेबहिणीचा दीर निघाला. नाथाजीनं सगळे पाहुणे टिपले होते ते स्वतःचे. बायकोलाही नातेवाईक असतात हे त्याच्या चार रकान्यांत बसलं नव्हतं. मामेबहीण राहीबाई धावत आली, गळ्यात पडली, रडली. बारा वर्षांनी बहीण दारात आली आणि नुसत्या चहावर जाईल? पुरण शिजत पडलं. नाथाजी अंगणात पुठ्ठा हातात धरून येरझारा घालत होता. साडेनवाची पाचगणी गेली, अकराचं महाबळेश्वर गेलं. पंगत उठली तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

तरीही अंबूबाईनं महाबळेश्वर मनसोक्त बघितलं. तळं बघितलं, द्रोणातनं स्ट्रॉबेरी खाल्ली आणि आंबट म्हणून तोंड वाकडं केलं, कड्यावर उभं राहून खालचं धुकं बघितलं. निघायला साडेचार झाले. आता वाईवरनं परत जायचं तर पसरणीचा घाट उतरता उतरता अंधार पडणार. आणि गाडीचा दिवा कसला, काजवाच तो. बायकोला मागं घेऊन अंधारात घाट उतरायचा नाही, एवढी शिस्त नाथाजीच्या अंगात होती. उजेडात साताऱ्यात लालासाहेबाच्या घरी मुक्कामाला पोचायचं तर एकच वाट होती.

तो चौकात गाडी उभी करून दोन्हीकडं बघत राहिला. मग त्याच्या मनात आलं, अरे, पत्रात आपण घाट चढलोय. आता उतरायचाय. सगळं उलटं येणार. शेवटचं आधी, आधीचं शेवटी. हिला काय कळतंय? जिवाला जरा बरं वाटलं आणि त्यानं केळघरच्या रस्त्याला गाडी घातली.

ऊन कललं होतं. घाट त्याच्या ध्यानात होता तसाच होता, मेला. एक झाड इकडचं तिकडं झालं नव्हतं. त्यानं उगीच वेग वाढवला. पहिलं मोठं वळण गेलं आणि डाव्या कड्यातली देवळी समोर आली. आत शेंदराचा दगड. कुणीतरी आजच ताजा शेंदूर लावला होता, तो लांबूनच लाल दिसत होता. अंबूबाई काही बोलली नाही. नाथाजीनं मनात देवाला हात जोडले.

पुढच्या वाकणावर दरी उघडली. खाली वेण्णा नदी, सुताएवढी.

"थांबवा," अंबूबाई म्हणाली.

गाडी थांबली ती नेमकी गोमुखापाशी. ती उतरली, गोमुखाखाली ओंजळ धरली आणि प्याली. मग दोन बोटं दातांवर ठेवून उभी राहिली. मागं वळून वरच्या देवळीकडं बघितलं, पुढं खाली नदीकडं बघितलं. पुन्हा येऊन मागं बसली. "चला," एवढंच म्हणाली.

नाथाजीनं गाडी सोडली. पहिलं वळण उतरलं आणि त्याच्या पाठीवर एक बोट टेकलं. दुसरं वळण, दोन बोटं. तिसरं, चौथं. पाचव्याला अख्खा पंजा. सहाव्याला पंजा उचलला आणि पुन्हा एक बोट टेकलं. सातवं वळण सुटलं, रस्ता सरळ झाला, आणि समोर पायथ्याला दोन उंबर उभे होते, जुळ्या भावांसारखे.

त्यानं आपण होऊनच गाडी बंद केली.

अंबूबाई उतरून त्याच्या समोर आली. रडत नव्हती. ओरडतही नव्हती, आणि त्याचीच त्याला धास्ती वाटली.

"आवं, तुमी बर्फात कवा गेला हुता का?"

"न्हाई."

"मग त्ये सात म्हैने कुटं हुता?"

नाथाजीनं सांगितलं. वाळू, गाडी, नडगी, जोधपूरची खाट. तार का करू दिली नाही ते सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं, हे ऐकून तरी ती विरघळेल. आपण तिच्याच जिवासाठी केलं, पोटातल्या पोरीसाठी केलं. ती उंबराच्या मुळीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मी दर शनवारी अनवानी दोन मैल मारुतीला जात हुते," ती म्हणाली. "पोट हितं आल्यालं, तरी जात हुते. मास्तरला इचारलं, मोटारसायकलीला काय लागतं. मास्तर म्हनला तेल लागतं. म्हनून सात म्हैने मारुतीला तेल घातलं, की ह्यांच्या गाडीचं चाक सरळ चालू दे. गाडीचं! आन् गाडी तितं मोडून पडल्याली. तुमचा पाय तुटला हुता तर पायासाटी कोन मागत हुतं देवाकडं? कोनच न्हाई. तुमी एकलेच पडला हुता, आन् मी हितं चाकाला तेल घालतीया."

दहा वर्षं त्यानं ह्या क्षणाची तयारी केली होती. ती चिडली तर काय बोलायचं, रडली तर काय बोलायचं, सगळं. हे मात्र त्याच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. त्याचा उजवा पाय उगीचच दुखायला लागला.

साताऱ्यात लालासाहेबाच्या बायकोनं, चंद्राबाईनं, पाणी पुढं केलं. अंबूबाईनं ते घेतलं आणि लालासाहेबाला विचारलं, भावजी, पत्रं पेटीत तुमीच टाकत हुता न्हवं? लालासाहेब चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर गेला आणि जेवायला बोलावेपर्यंत आला नाही.

घरी आल्यावर चार दिवस अंबूबाई त्याच्याशी बोलली नाही. भाकरी वेळेवर, आंघोळीला पाणी वेळेवर, शब्द मात्र नाही. सुला मधे निरोप्यासारखी हिंडत होती. नाथाजीला वाटलं, संपलं सगळं. राजस्थान तर गेलंच. पण राजस्थान जाऊ दे खड्ड्यात, आता आपण हिला काही सांगितलं तर ती ते आधी चाचपून बघणार, खरं की खोटं. सतरा वर्षं जी बाई आपल्या शब्दावर चालली, तिला आपला शब्द आता नको झाला. ह्याचं त्याला इतकं वाईट वाटलं की त्यानं सगळे पुठ्ठे गोळा केले आणि चुलीजवळच्या जळणात नेऊन ठेवले.

पाचव्या दिवशी सकाळी तो सोप्यात बसला असताना अंबूबाई आतनं आली. तिच्या हातात राजस्थानचा पुठ्ठा होता, एका कडेला काजळी लागलेला. तो तिनं त्याच्या पुढ्यात टाकला, आणि शेजारी निळी पेन्सिल.

"जोदपूर कुटं हाय ह्याच्यावर?"

नाथाजी म्हणाला, ते गाळलंय.

"का?"

ह्या खेपेला तो खोटं बोलला नाही. "तू इचारशील म्हणून," तो म्हणाला.

अंबूबाई समोर बसली. "घाला त्ये. पैलं त्येच घाला. बाडमेर, जैसलमेर मागनं. त्ये मला पाठच हाय." मग तिनं विचारलं, "त्या खाटंवरनं खिडकीतनं काय दिसत हुतं?"

नाथाजीनं आठवायला डोळे मिटले. आठवायची तशी गरज नव्हती. "एक भिंत," तो म्हणाला. "पिवळी. आन् भिंतीच्या वर अर्धा कडूलिंब. खालचा अर्धा दिसायचा न्हाई. सकाळच्याला त्याच्यावर व्हले बसून घुमायचे. बास, येवढंच."

"सात म्हैने?"

"सात म्हैने."

"मग मला त्योच लिंब बगायचाय. आन् तितं उभं ऱ्हाऊन ती सगळी पत्रं पैल्यापासनं सांगायची. खरी. दुकलं किती, रडला किती, सगळं."

नाथाजीनं पेन्सिल उचलली. मैलांचा रकाना भरला. खुणेच्या रकान्यात लिहिलं : पिवळी भिंत, लिंब. किती वाजता, ह्या रकान्याशी येऊन हात थांबला, कारण इतक्या लांबची वेळ कशी धरायची हे त्याला कळेना. त्यानं तिच्याकडं बघितलं.

अंबूबाई उठली होती. फळीवरनं तिनं तेलाची बुधली काढून किती भरली आहे ते उजेडात धरून बघितलं आणि पदराच्या चिंधीनं तिचं बूच घट्ट केलं.

"येळ काय बी घाला," ती म्हणाली. "पर शनवारीच पोचलं पायजे, येवढं बगा."

नाथाजीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि शनिवारापासून एकेक दिवस मागं मोजायला लागला.